जुन्या गेमला नवीन ग्राफिक्स दिले की त्यातलं नक्की काय जातं?

सातरस्ता
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण विषय चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

रविवारी ताईकडे ठाण्याला गेलो होतो. भाचा आठवीत, मोबाईलवर खेळत बसलेला. म्हटलं चल, तुझा मामा तुझ्या वयाचा असताना काय खेळायचा ते दाखवतो. लॅपटॉपवर डॉसबॉक्स (विंडोजच्या आधीचे डॉसवाले गेम चालवणारा प्रोग्रॅम) होताच, प्रिन्स ऑफ पर्शिया लावला. पहिल्या मिनिटातच तो म्हणाला "मामा, हा पळतो कसला खऱ्यासारखा!" आणि लगेच "पण बाकी सगळं इतकं चौकोनी चौकोनी का आहे?" मग त्यानंच यूट्यूबवर शोधून २००७ साली एक्सबॉक्सवर आलेला प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक काढला. तेच तळघर, तेच काटे, तेच वरखाली होणारं फाटक, पण सगळं गुळगुळीत, मशालींचा उजेड भिंतीवर पडतोय वगैरे. म्हणे हे भारी आहे, हेच खेळूया. आणि मला ते बघवेना. का बघवेना ते त्याला सांगता पण येईना.

माझी प्रिन्सशी ओळख बाबांच्या ऑफिसात झाली. फोर्टला ऑफिस, शनिवारी हाफ डे, दुपारी सगळे गेले की बाबा फायली लावेपर्यंत मला कॉम्प्युटरसमोर बसवायचे. तो मॉनिटर एकरंगी होता, काळ्यावर नारिंगी, बाकी रंगच नाही. आता ज्यांनी खेळलाय त्यांना आठवत असेल, त्यात बाटल्या असतात, काहींनी जीव वाढतो आणि काहींत विष असतं आणि फरक फक्त बुडबुड्यांच्या रंगाचा. आमच्याकडे रंगच नाही म्हटल्यावर कळणार कसं? मग पिऊन बघायचं, मेलो की वहीत लिहून ठेवायचं. बाबांच्या ऑफिसच्या जुन्या डायरीत माझी अख्खी यादी होती, कुठल्या लेव्हलला कितवी बाटली पिऊ नये. ती डायरी घेऊन मी चाळीत फिरायचो आणि गॅलरीत बसून बाकीच्या पोरांना, ज्यांनी कॉम्प्युटर कधी बघितला पण नव्हता त्यांना, अख्खा गेम सांगायचो.

दुसरी गोष्ट म्हणजे परवा लॅपटॉपवर जो जुना प्रिन्स लावला तो सुद्धा मला आठवतो तसा दिसला नाही. जरा बुटका वाटला, आणि कडा बोचऱ्या, सुरीनं कापल्यासारख्या. म्हणजे मला नवा पण नको आणि जुना पण तो नाही. तर हे सगळं माझ्या डोक्यातलंच आहे का? की ग्राफिक्स सुधारले की खरंच काहीतरी जातं? तुमचे अनुभव लिहा.

शेवटची_लोकल
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हे शंभर टक्के स्मरणरंजन आहे. तुम्ही दहाबारा वर्षांचे होतात, शनिवार होता, बाबा जवळ होते, शाळा नव्हती. त्या दुपारी त्या पडद्यावर काहीही हललं असतं तरी ते आयुष्यभर लक्षात राहिलं असतं. त्याचं श्रेय चौकोनांना देऊ नका.

आणि एक सांगा, त्या काळातल्या लोकांनी मुद्दाम चौकोनी काढलं होतं का? मशीनमध्ये दम नव्हता म्हणून काढलं. त्यांना हजार रंग दिले असते तर त्यांनी हजार वापरले असते. रेसिडेंट एव्हिल २ घ्या, मूळचा १९९८ चा आणि २०१९ ला पूर्ण नवा केला, कॅमेरा सुद्धा बदलला, आधी कोपऱ्यात टांगलेला असायचा तो खांद्यामागे आणला. मी दोन्ही खेळलोय. नवीन जास्त चांगला आहे, भीती जास्त वाटते, विषय संपला. जुनं ते सोनं म्हणत बसलो तर आपल्या पोरांना आपण कंटाळवाणे वाटणार हे नक्की.

पिक्सेलवाला
धागा वर काढणार नव्हतो कारण उद्या डेडलाईन आहे पण राहवत नाही. अंधेरीला गेम आर्टिस्ट म्हणून काम करतो, चौदा वर्षं झाली. शेलोंचा (शेवटची_लोकल) मुद्दा अर्धा बरोबर आहे. मुद्दाम नव्हतं केलं, मान्य. पण जागा नव्हती म्हणून जे सुचलं ते जागा असती तर सुचलंच नसतं, आणि हे फक्त चित्रांपुरतं नाही, खेळाचं पण आहे.

आता प्रिन्सचंच बघा. जॉर्डन मेकनरनं तो ॲपल टू कॉम्प्युटरवर बनवला, १९८९ ला आला. भाचा म्हणाला ना पळतो खऱ्यासारखा, तर तो खराच आहे. मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, व्हिडिओ कॅमेऱ्यानं शूट केलं आणि एकेक फ्रेम गिरवून काढली. तलवारबाजी १९३८ च्या एका रॉबिनहूडच्या सिनेमातल्या द्वंद्वावरून घेतलेली. हे सगळं मेमरीत कोंबल्यावर नवीन शत्रू काढायला जागाच उरली नाही. मग त्यानं प्रिन्सचीच चित्रं घेतली, थोडी सरकवून त्याच चित्रांवर अशी टाकली की जिथे दोन्ही सारखी तिथे पुसलं जाईल, उरली ती नुसती चमचमती कड. तो झाला सावलीवाला प्रिन्स, जो आरशातून बाहेर येतो. आणि त्याच्याशी लढताना त्याला वार केला की तुझाच जीव कमी होतो, शेवटी तलवार म्यान करून त्याच्यात जावं लागतं. मला विचाराल तर त्या अख्ख्या गेममधली सगळ्यात मोठी कल्पना ही आहे आणि ती मेमरी संपली म्हणून आली.

स्पेस इन्व्हेडर्स, १९७८. वरून परग्रहवाले खाली सरकतात, जितके मारू तितके उरलेले जोरात येतात. तो बनवणाऱ्या निशिकादोनं हे आधी ठरवलेलं नव्हतं. प्रोसेसरला इतके सगळे एकदम हलवायला वेळ लागायचा, कमी उरले की आपोआप वेग वाढायचा. त्यानं बघितलं, आवडलं, तसंच ठेवलं. आज सगळ्या गेम्समध्ये शेवटी शेवटी कठीण होत जातं ना, त्याची एक मुळी इथे आहे.

मारिओला मिशी का? तर डाँकी काँग या गेमच्या वेळी, १९८१ ला, इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढता येत नव्हतं, मिशी लावली की नाक वेगळं दिसतं. टोपी का? केस काढायला नकोत. सुपर मारिओमधला ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, एकदा पांढरं आणि एकदा हिरवं. ४० केबीत अख्खा गेम. तुम्ही आज व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगचा फोटो पाठवता तो याच्यापेक्षा मोठा असतो.

माझी आई ठिपक्यांची रांगोळी काढते. पंधरा ठिपके पंधरा ओळी. तिला कोणी सांगितलं की ठिपके सोड, मोकळ्या हातानं काढ, तर ती काढेल आणि सुंदरच काढेल, पण ते दुसरं काहीतरी असेल. पिक्सेल आर्टचं मला अगदी तसंच वाटतं. ठिपके मोजून काढलेल्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला काम असतं.

भडकमकर_मार्ग
सातरस्ता भाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. प्रिन्स बुटका दिसला ते डोक्यातलं नाही, खरंच बुटका दिसला.

आमचं लॅमिंग्टन रोडला टीव्ही रिपेअरचं दुकान, वडिलांपासूनचं. आयडी वरून काही लोकांना कळलं नसेल, लॅमिंग्टन रोडचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तर ऐका. डॉसवरचे ते गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचे. हा आकार आडवा होतो. पण तेव्हाचा मॉनिटर चारास तीन असायचा, त्या काचेवर हे चित्र उभं ताणून बसायचं, म्हणजे एकेक ठिपका चौकोनी नव्हताच, जरा उभट होता. काढणाऱ्यांनी ते धरून काढलेलं. आता तुमच्या लॅपटॉपचे ठिपके चौकोनी, त्यामुळे सगळी माणसं दबली. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाईलमध्ये आस्पेक्ट म्हणून ओळ आहे ती ट्रू करा, बघा काय होतं ते.

आता बोचऱ्या कडांचं. पिक्चर ट्यूबमध्ये मागून इलेक्ट्रॉनचा झोत येतो आणि काचेच्या आतल्या फॉस्फरवर एकेक ओळ मारत खाली जातो. ठिपका म्हणजे चौकोन नाही, उजेडाचा छोटा डाग, मध्ये जास्त, कडेला कमी, शेजारच्या डागात मिसळणारा. टीव्हीवर गेम लावला तर प्रत्येक ओळीनंतर एक बारीक काळी रेघ पण राहायची. त्यामुळे गाल गोल दिसायचा, केस मऊ दिसायचे. काढणारे हे बघून बघून काढत होते. सोनिकच्या पहिल्या लेव्हलमधला धबधबा आज एलसीडीवर बघा, उभ्या पट्ट्या दिसतात, एक आड एक. मेगा ड्राईव्ह, म्हणजे सोनिकचं गेम मशीन, त्याची साधी एव्ही वायर टीव्हीला लावली की त्या पट्ट्या एकमेकींत विरघळायच्या आणि पाणी आरपार दिसायचं. आरपार रंग दाखवायची सोय मशीनमध्ये नव्हती, ती सोय वायरनं आणि काचेनं केली. आता सांगा, वायर इतकी चांगली झाली की पट्ट्या स्वच्छ दिसायला लागल्या, याला सुधारणा म्हणायचं का बिघाड?

म्हणून माझं म्हणणं असं की तुम्ही लोक जुना विरुद्ध नवा अशी तुलना करताय आणि दोन्ही नव्याच पडद्यावर बघताय. जुना तुम्ही बघितलेलाच नाही.

निळीशाई
भडकमकर दादा, हे वाचून एकदम उजेड पडला. अवांतर होईल पण विचारते, आमच्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेम होता, कॅसेट घालून खेळायचा, पिवळ्या कॅसेटवर ९९९९९९ इन वन लिहिलेलं आणि आत तेच वीस गेम फिरून फिरून. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. परवा माहेरी माळ्यावर सापडला, बंदूक पण आहे बदकं मारायची. नवऱ्यानं खटपट करून नवीन मोठ्या टीव्हीला जोडला, मारिओ चालला, पण बंदुकीनं एक बदक पडत नाही. बंदूक खराब झाली का?

भडकमकर_मार्ग
ताई, बंदूक बहुतेक चांगली असेल, टाकू नका. बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही, बंदूक म्हणजे डोळा आहे, समोरचा उजेड बघते. तुम्ही घोडा दाबला की क्षणभर अख्खा पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, नीट बघितलंत तर चमकलेलं दिसतं. बंदुकीला त्या ठराविक क्षणी पांढरं दिसलं तर बदक पडलं, काळं दिसलं तर नेम चुकला. पिक्चर ट्यूब सिग्नल आला की आल्या आल्या काढते. नवीन टीव्ही आधी चित्र आत घेतो, मोठं करतो, साफ करतो मग दाखवतो, त्यात थोडा उशीर होतो. पांढरा चौकोन पडद्यावर येईपर्यंत गेमनं निकाल देऊन टाकलेला असतो. तुमचा नेम बरोबर आहे.

चष्मा_पाठीमागे
सगळे जुन्या काचेच्या प्रेमात पडताहेत म्हणून जरा दुसरी बाजू लिहिते. मला रेटिनाचा त्रास आहे, डाव्या डोळ्यानं फार कमी दिसतं. एज ऑफ एम्पायर्स २ मी कॉलेजात असताना खेळायचे, १९९९ चा गेम, हॉस्टेलला लॅनवर रात्रभर. मग दिसायला कमी होत गेलं तसा सोडून दिला, कारण तो गावकरी कुठे आणि मेंढी कुठे हेच कळेना. २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशन आली त्यात झूम करता येतं, सगळं मोठं आणि स्पष्ट करता येतं. वीस वर्षांनी मी परत खेळायला बसले आणि पहिल्या मॅचला गावकऱ्यानं लाकूड तोडायला सुरुवात केली तो आवाज ऐकून रडले होते. खरंच रडले. माझ्यासाठी नवीन ग्राफिक्सनी मजा घालवली नाही, परत आणून दिली. तेव्हा सरसकट सुधारणा म्हणजे वाट लावली असं कृपया म्हणू नका, काही जणांना तेवढा एकच दरवाजा असतो.

बाकी एक खरं आहे. त्याच नवीन व्हर्जनमध्ये झाडं इतकी छान आणि डेरेदार केली की झाडामागचे सैनिक दिसेनात. मग लोकांनी काय केलं, झाडं छोटी करायचा मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेला बदल, काढला. आज स्पर्धेत खेळणारे कितीतरी जण छोट्या झाडांनीच खेळतात, मी पण. आधी कोणीतरी मेहनतीनं पानं काढली आणि आता आम्ही ती पुसतोय.

कॅफेवाले_काका
लेकरांनो, मी डोंबिवलीला स्टेशनजवळ सायबर कॅफे चालवायचो, आठ मशीन होती. या शेवटच्या मुद्द्यावर सांगतो. काउंटर स्ट्राईक या गोळीबाराच्या गेमच्या जमान्यात मी दोन मशीनना चांगली ग्राफिक्स कार्डं घातली, म्हटलं पोरं खुश होतील, त्या मशीनचा तासाचा रेट पण पाच रुपये जास्त ठेवला. तर खेळात जी मुरलेली पोरं होती ती आल्या आल्या सेटिंगमध्ये जाऊन सगळं कमी करायची. मी विचारलं अरे पैसे जास्त देताय आणि चित्र खराब का करताय? तर म्हणाले काका धूर कमी दिसतो, माणूस लवकर दिसतो. कार्डाचा उपयोग त्यांना वेगासाठी होता, सौंदर्यासाठी नाही. आणि नवीन पोरं जी यायची, शाळा सुटल्यावर दप्तरासकट, ती व्हाईस सिटी, म्हणजे शहरभर मोकळं फिरायचा गेम, लावायची आणि मिशन बिशन काही करायची नाहीत, नुसती समुद्रकाठच्या रस्त्यानं गाडी चालवत सूर्यास्त बघत बसायची. अर्ध्या तासाचे पैसे देऊन. त्यांना चित्रच हवं होतं. दोघंही बरोबरच होती असं मला तेव्हापासून वाटतं.

मशीन जुनं झालं की अजून एक व्हायचं. अगदी जुने डॉसचे गेम नवीन मशीनवर टाकले की इतके जोरात पळायचे की खेळताच येत नसत, कारण काही गेम्सचा वेगच प्रोसेसरच्या वेगावर बांधलेला. जुन्या कॅबिनेटला म्हणून टर्बोचं बटण असायचं. नाव टर्बो पण उपयोग मशीन हळू करायला.

दप्तर_खाली_ठेव
व्हाईस सिटीचा विषय निघाला म्हणून लिहितोय. २०२१ च्या नोव्हेंबरात व्हाईस सिटीसकट तिन्ही जुन्या जीटीएंचा (ग्रँड थेफ्ट ऑटो) एकत्र नवा संच आला होता तो इथे कोणी बघितला असेलच. या धाग्याला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. त्यातल्या सॅन अँड्रियासमध्ये जुन्या मशीनवर लांबचं दिसू नये म्हणून धुकं टाकलेलं होतं. नव्यात म्हणाले आता कशाला धुकं, मशीन ताकदवान आहेत, काढून टाका. काढल्यावर काय झालं, चिलियाडच्या डोंगरावर उभं राहिलं की तिन्ही शहरं एकदम दिसायला लागली. जो प्रदेश आम्हाला अख्ख्या राज्याएवढा वाटायचा तो आपल्या आरेच्या जंगलाएवढा निघाला. इतका छोटा होता हे आम्हाला कधीच कळायला नको होतं.

आणि पाट्यांवरची चित्रं एआयनं मोठी केली, त्यात अक्षरं चुकली. एका डोनटच्या दुकानावर षटकोनी नट होता, दुकानाचं नावच नटावरून, तर मशीनला वाटलं कोपरे म्हणजे जुन्या ग्राफिक्सची चूक, त्यानं तो घासून गोल करून टाकला. पावसाच्या रेघा इतक्या पांढऱ्या की रस्ता दिसेना. शेवटी गेमवाल्या रॉकस्टार कंपनीनं जाहीर माफी मागितली आणि जुनी पीसी व्हर्जन परत विकायला ठेवली. पुढे २०२४ ला अपडेट देऊन जुन्यासारखा उजेड आणि ते धुकं परत आणलं. मशीनसाठी टाकलेलं धुकं, नंतर मुद्दाम मेहनत करून टाकावं लागलं. सायलेंट हिल या भीतीच्या गेमचं पण तेच, १९९९ ला प्लेस्टेशनला लांबचं काढता येत नव्हतं म्हणून धुकं आलं आणि पुढे तेच त्या गावाची ओळख झालं.

शेवटची_लोकल
धुक्याचं पटलं. हे मला माहीत होतं पण असा विचार केला नव्हता. पण मग रेसिडेंट एव्हिल २ का चालला? तिथे तर सगळंच बदललं. पिक्सेलवाला, तुझ्याकडे याचं काही उत्तर आहे का, की जमलं तर जमलं?

पिक्सेलवाला
डेडलाईन झाली, आता निवांत लिहितो.

माझे मामा शिवाजी मंदिरला बॅकस्टेजला होते, लहानपणी खूप नाटकं विंगेतून बघितली. जुनं नाटक परत आणतात तेव्हा संहिता तीच, नट नवे, नेपथ्य नवं. मामा सांगायचे, नेपथ्यात सोफा बदला, पडदे बदला, भिंतीचा रंग बदला, काही होत नाही. पण दरवाजा दोन फूट सरकवलात तर नटाला आत यायला एक पाऊल जास्त लागतं आणि हशा जातो. वाक्य तेच, नट चांगला, पण हशा जातो, आणि कोणाला कळत नाही का गेला.

गेमचं अगदी हेच आहे. क्रॅश बँडिकूटचे पहिले तीन गेम २०१७ ला नव्यानं आले, दिसायला अप्रतिम, एकेक केस दिसतो. पण लोक नेहमीच्या उड्यांना पडायला लागले. कंपनीनंच नंतर मान्य केलं की उडी थोडी वेगळी आहे, आणि पायाखालचा अदृश्य आकार पण बदललेला, त्यामुळे कडेवर टेकला तर घसरायचा. तो झाला दोन फूट सरकलेला दरवाजा. आता डायब्लो २ घ्या, २००० सालचा गेम, २०२१ ला रिसरेक्टेड म्हणून आला. तिथे आत जुनाच गेम चालू ठेवला, तोच हिशोब, तेच टायमिंग, आणि वर नवं चित्र पांघरलं. जी बटण दाबलं की क्षणात जुनं चित्र, परत दाबलं की नवं. मी ते बटण इतक्या वेळा दाबलं असेल की विचारू नका, कारण दर वेळी आधी वाटायचं की माझ्या आठवणीत नवं चित्रच होतं. आणि ही दोन्ही कामं एकाच स्टुडिओची, व्हायकेरियस व्हिजन्सची. म्हणजे माणसं तीच, हात तेवढाच चांगला, फरक दरवाजा कुठे ठेवला याचा.

रेसिडेंट एव्हिल २ चं म्हणशील तर त्यांनी नाटकच नवीन लिहिलं, त्याच गोष्टीवर. जुन्याची उडी नव्या चित्रात बसवायचा प्रश्नच नव्हता. ते पण चालतं. मधलं चालत नाही, वरून जुनं सांगायचं आणि आतून न सांगता बदलायचं. आम्ही पण एका कामात हे केलंय, एका जुन्या मोबाईल गेमचं पात्र मी गोड दिसावं म्हणून थोडं जाड केलं, आणि ते फटीतून जाताना भिंतीत घुसायला लागलं. फट वाढवली तर लेव्हल सोपी झाली. शेवटी तीन आठवडे काम करून त्याला परत बारीक केलं.

निळीशाई
माझी लेक नऊ वर्षांची. शेलोंना सांगायचं होतं म्हणून लिहिते. तिला कसलं स्मरणरंजन असणार? टॅबवर एवढे चकचकीत गेम आहेत आणि ती स्टारड्यू व्हॅली खेळते, ठिपक्यांचा, २०१६ ला आलेला. मी विचारलं तुला हे चौकोनी आवडतं का तर म्हणाली "आई, याच्यात माणसांची तोंडं छोटी आहेत ना, मग ती काय विचार करतात ते मी ठरवते." मी हे वाक्य आहे तसं लिहून ठेवलंय.

शेवटची_लोकल
ताई, तिला माझा नमस्कार सांगा. पहिल्या प्रतिसादात शंभर टक्के लिहिलं होतं ते मागे घेतो. किती टक्के ठेवायचं ते विचार करून सांगतो, पण रेसिडेंट एव्हिल माझा तोच.

सातरस्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. भडकमकर भाऊ, आस्पेक्ट ट्रू केलं आणि प्रिन्स उभा राहिला, उंच, सडपातळ, माझा प्रिन्स. घरात एकट्यानंच ओरडलो. पण कडा अजून बोचऱ्याच. चष्माताई, तुमचा प्रतिसाद वाचून भाच्याला फोन केला आणि सांगितलं की नवीनवाला पण खेळू आपण, मी उगाच तोंड वाकडं केलं.

भडकमकर_मार्ग
दुकानात एक चौदा इंची रंगीत पोर्टेबल टीव्ही पडून आहे, ट्यूब चांगली आहे, गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही. या रविवारी भाच्याला घेऊन या. ग्रँट रोडला ईस्टला उतरा, पुढे चालत. लॅपटॉप आणा, एचडीएमआयचं एव्ही करणारा डबा माझ्याकडे आहे. निळीशाई ताई जमलं तर बंदूक घेऊन या, नऊ व्होल्टचा अडॅप्टर माझ्याकडे निघेल. छोटा कट्टाच करू. टीव्हीच्या मागे कोणी हात घालायचा नाही, बंद केल्यावर पण ट्यूबमध्ये करंट राहतो, हे पोरांना आधीच सांगून आणा.

सातरस्ता
कट्ट्याचा वृत्तांत थोडक्यात, कारण आत्ताच घरी पोचलोय. निळीशाई ताईंच्या लेकीनं पहिल्या झटक्यात सात बदकं पाडली आणि दुकानाबाहेर लोक थांबून बघायला लागले. काका डोंबिवलीहून फाफडा घेऊन आले. शेलो पण आले होते, बराच वेळ टीव्हीच्या काचेला नाक लावून सोनिकचा धबधबा बघत होते, काही बोलले नाहीत.

मग प्रिन्स लावला. त्या काचेवर तो दिसला आणि मी जरा बाजूला जाऊन उभा राहिलो. भाचा खेळत होता. थोड्या वेळानं मला काय वाटलं कोणास ठाऊक, मी पुढे झालो आणि टीव्हीचं रंगाचं बटण फिरवत फिरवत पार शून्यावर नेलं. सगळं राखाडी झालं. भाचा म्हणाला अरे मामा आता विषाची बाटली कळणार कशी? मी म्हटलं पिऊन बघ. दोनदा मेला. तिसऱ्यांदा त्यानं भडकमकर भाऊंकडून बिलबुक मागून घेतलं आणि एका पावतीच्या मागे लिहायला लागला, लेव्हल, मग खोली, मग बाटली. परत येताना ट्रेनमध्ये ती पावती त्याच्या खिशात होती. मुलुंड गेल्यावर विचारतो, मामा, पाचव्या लेव्हलमध्ये ती मोठी बाटली आहे म्हणतात, ती चांगली का वाईट? मला आठवेना. डायरी तर चाळ सोडताना गेली. कोणाला आठवत असेल तर सांगा, त्याला रात्री फोन करतो म्हटलंय.

पिक्सेलवाला
ती मिळतच नाही. आपण पोचायच्या आत सावली येऊन पिऊन जाते. पण हे त्याला सांगू नका.